अ‍ॅडब्लॉकर बंद केला, तरी साइट म्हणते ‘चालूच आहे’

“मी अ‍ॅडब्लॉकर बंद केलाय. पान चार वेळा रीफ्रेश केलं. तरी तुमची पाटी जात नाही. आता काय कॉम्प्युटर विकू का?”

आमच्या मदतीच्या इनबॉक्समध्ये हा मजकूर कधी सौम्य, कधी जळजळीत शब्दांत येतच असतो. आमची साइट जुन्या शिलाई मशीनच्या दुरुस्तीची. चालवणारे सगळे स्वयंसेवक. सर्व्हरचं भाडं देणग्यांतून आणि पानाच्या कडेला लागणाऱ्या एका जाहिरातीतून निघतं. अ‍ॅडब्लॉकर दिसला की आम्ही वर एक पाटी दाखवतो: जमलं तर आमच्यासाठी बंद करा, नाहीतर देणगी द्या, तेही नसेल तर खुशाल वाचा. पाटी एवढीच असते, पण तिने जितकं डोकं खाल्लंय तितकं एखाद्या अडकलेल्या बॉबिनने खाल्लं नसेल.

या तक्रारीला एक मुकं भावंडही आहे. एखाद्याने मनापासून आमची साइट व्हाइटलिस्ट केलेली, म्हणजे ब्लॉकरमधून तिला सूट दिलेली असते. आपण हातभार लावतोय असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात जाहिरात त्याच्यापर्यंत पोचतच नाही, जागा कोरी राहते आणि कोरी जागा पाहून कोणी तक्रार करत नाही. दोन्हींचं मूळ एकच. जाहिरात अडवणारा एकटा नसतो. एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर) अडवतं, ब्राउझर स्वतः अडवतो, फोनची सेटिंग अडवते, घरचा राउटर अडवतो, अँटिव्हायरस अडवतो. तुम्ही यातला एक बंद करता, बाकीचे इमानेइतबारे आपलं काम करत राहतात. म्हणून ‘बंद केलाय’ हे तुमचं म्हणणंही खरं असतं आणि ‘चालू आहे’ हे साइटचं म्हणणंही.

साइटला कळतं कसं

तुमच्या ब्राउझरमध्ये कोणती एक्स्टेन्शन आहेत याची यादी साइटला मिळत नाही. ती फक्त आमिष टाकून बघू शकते. पानात एक रिकामा चौकोन ठेवायचा, त्याला जाहिरातीच्या चौकोनाला देतात तसं नाव द्यायचं आणि थोड्या वेळाने त्याची उंची मोजायची. उंची शून्य आली, म्हणजे कोणीतरी तो लपवला. दुसरा प्रकार म्हणजे जाहिरातीच्या नावाची एक छोटी फाइल मागवायची. ती आली नाही, तर वाटेत कोणीतरी अडवली असं धरायचं. दोन्ही पद्धती अंदाजाच्या आहेत आणि दोन्ही चुकतात. त्याबद्दल पुढे आमचंच एक प्रकरण सांगतो.

अ‍ॅडब्लॉकर कुठल्याही साइटशी वैयक्तिक वैर धरत नाही. तो नियमांच्या यादीवर चालतो. सर्वांत जास्त वापरली जाणारी यादी म्हणजे ईझीलिस्ट. रिक पेटनेल यांनी ती २००५ मध्ये सुरू केली, आज त्यात हजारो नियम आहेत आणि ती सांभाळणारेही बहुतांशी स्वयंसेवकच. म्हणजे इकडे आम्ही फुकट राबतो, तिकडे ते फुकट राबतात आणि मधे वाचक वैतागतो. तर या यादीत मुख्यतः दोन जातींचे नियम असतात. एक ‘अमुक पत्त्यावरून काही मागवूच नको’ असं सांगतो, दुसरा ‘आलं तरी ते दाखवू नको’ असं. एक्स्टेन्शन दोन्ही पाळू शकतं, कारण त्याला पूर्ण पान दिसतं. राउटर किंवा डीएनएसवर (म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणाऱ्या सोयीवर) बसलेला ब्लॉकर फक्त पहिला पाळू शकतो, कारण त्याला पान दिसतच नाही, फक्त पत्त्यातलं नाव दिसतं. हा फरक डोक्यात ठेवा. पुढचं निम्मं निदान त्यावरच उभं आहे.

आधी दोन प्रयोग, मग बटणं

तक्रार आली की लोक आधी एक्स्टेन्शन काढून टाकतात, मग ब्राउझर पुन्हा टाकतात, मग कॉम्प्युटर रीस्टार्ट करतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आधी आग कुठे लागलीय ते पाहू. त्यासाठी पाच मिनिटांचे दोन प्रयोग पुरतात.

पहिल्या प्रयोगात ब्राउझर तोच ठेवा, नेटवर्क बदला. लॅपटॉप वायफायवर असेल, तर फोनचा हॉटस्पॉट लावून तेच पान उघडा. फोन असेल, तर वायफाय बंद करून मोबाइल डेटावर पाहा. पाटी गेली, तर अडवणारा तुमच्या वायफायच्या मागे, म्हणजे राउटरमध्ये किंवा त्या नेटवर्कच्या डीएनएसमध्ये आहे. एक्स्टेन्शनला उगाच दोष देऊ नका.

दुसऱ्या प्रयोगात नेटवर्क तेच ठेवा, ब्राउझर कोरा घ्या. इथे बहुतेकजण खासगी विंडो उघडतात आणि फसतात. खासगी विंडोत एक्स्टेन्शन सहसा बंद असतात, हे खरं. पण फायरफॉक्सची खासगी विंडो ट्रॅकर, म्हणजे वाचकाचा माग काढणारे कोड, जास्त कडकपणे अडवते आणि ब्रेव्ह या ब्राउझरची ढाल, म्हणजे त्याचा अंगचाच ब्लॉकर, खासगी विंडोतही उभी असते. तिथे पाटी दिसली म्हणून काहीच सिद्ध होत नाही. त्यापेक्षा क्रोममध्ये किंवा एजमध्ये नवी प्रोफाइल बनवा, फायरफॉक्समध्येही नवी प्रोफाइल बनवता येते. काहीही न टाकलेल्या त्या कोऱ्या प्रोफाइलमध्ये पान उघडा. पाटी गेली, तर दोषी तुमच्या नेहमीच्या प्रोफाइलमधलं एखादं एक्स्टेन्शन किंवा सेटिंग. पाटी नेहमीच्या आणि कोऱ्या अशा दोन्ही प्रोफाइलमध्ये राहिली, तर ब्राउझरच्या खालच्या थरात शोधा. दोन्ही प्रयोगांत काहीच फरक पडला नाही, तर अँटिव्हायरसवर एक नजर टाका आणि मग ‘सगळं बंद, तरी पाटी कायम’ या भागाकडे उडी मारा. तिथे आम्हीच दोषी निघण्याची शक्यता बरीच आहे.

या प्रयोगांत एक खोच आहे. आजकाल क्रोम, फायरफॉक्ससारखे ब्राउझर स्वतःचा सुरक्षित डीएनएस वापरू शकतात. तसं असेल, तर राउटरवरचा ब्लॉकर त्यांना लागूच होत नाही. त्यामुळे एकाच वायफायवर एका ब्राउझरमध्ये जाहिराती दिसतात, दुसऱ्यात नाहीत आणि माणूस चक्रावतो. असं झालं, तर ब्राउझरच्या गोपनीयता व सुरक्षा सेटिंगमध्ये सुरक्षित डीएनएस चालू आहे का, एवढं पाहून घ्या.

तांत्रिक गोष्टींची भीती नसेल, तर याहूनही सरळ रस्ता आहे. कॉम्प्युटरवर एफ१२ दाबा, नेटवर्क हा टॅब उघडा आणि पान पुन्हा लोड करा. अडलेल्या ओळी लाल दिसतील. क्रोममध्ये ‘ब्लॉक्ड बाय क्लायंट’ असं लिहिलं असेल, तर ते एक्स्टेन्शनचं किंवा ब्राउझरचं काम. फायरफॉक्स तर बऱ्याचदा अडवणाऱ्या एक्स्टेन्शनचं नावच लिहून मोकळा होतो. नाव सापडलं नाही किंवा जोडणी नाकारली, अशा अर्थाचा एरर असेल, तर डीएनएसवर संशय घ्या. काही ब्लॉकर जाहिरातीच्या पत्त्यासाठी चार शून्यांचा खोटा आयपी पत्ता परत देतात, मग ब्राउझर कुठेच पोचत नाही.

एक्स्टेन्शनमधले नेहमीचे घोळ

सर्वांत साधा घोळ म्हणजे पान रीफ्रेश न करणं. यूब्लॉक ओरिजिन या ब्लॉकरमध्ये ते मोठं पॉवरचं बटण दाबलं की ते राखाडी होतं, पण उघडं पान जुन्या नियमांनीच आलेलं असतं. शेजारी रीफ्रेशचं चिन्ह येतं, ते दाबल्याशिवाय काही बदलत नाही.

दुसरा घोळ नावाचा. तुम्ही साइटच्या चर्चेच्या विभागात असताना बटण दाबलं आणि त्या विभागाचा पत्ता मुख्य साइटच्या पत्त्याआधी एक शब्द जोडून बनलेला असेल, तर काही एक्स्टेन्शन फक्त त्या विभागालाच सूट देतात. मुखपृष्ठावर पाटी तशीच. सेटिंगमधल्या विश्वासू साइटच्या यादीत जा, आपण नेमकं काय लिहिलंय ते पाहा आणि पुढचा शब्द काढून नुसतं मुख्य नाव ठेवा. मुख्य नावाला दिलेली सूट त्याच्या सगळ्या विभागांना लागू होते, उलटं होत नाही.

तिसरा घोळ गेल्या एक-दोन वर्षांत वाढलाय. क्रोमने एक्स्टेन्शनची जुनी चौकट, म्हणजे मॅनिफेस्टची दुसरी आवृत्ती, २०२४-२५ मध्ये टप्प्याटप्प्याने बंद केली. त्यासोबत क्रोमवरचं मूळ यूब्लॉक ओरिजिन गेलं. त्याचे निर्माते रेमंड हिल यांचंच यूब्लॉक ओरिजिन लाइट अनेकांनी त्याजागी घेतलं. पण लाइट हे वेगळं एक्स्टेन्शन आहे, जुन्याची विश्वासू साइटची यादी त्यात आपोआप येत नाही. म्हणजे तुम्ही तीन वर्षांपूर्वी आम्हाला दिलेली सूट एका दुपारी गुपचूप नाहीशी झाली आणि तुम्हाला पत्ताही नाही. लाइटमध्ये प्रत्येक साइटसाठी गाळणीचे टप्पे असतात. आमच्यासाठी तो ‘गाळणी नाही’ या टप्प्यावर आणावा लागतो. फायरफॉक्सवर मूळ यूब्लॉक ओरिजिन अजून चालतं, तिथे हा प्रश्न नाही.

चौथा घोळ म्हणजे दोन-दोन रखवालदार. कधीतरी अ‍ॅडब्लॉक प्लस टाकलं होतं, मग कोणीतरी यूब्लॉक सुचवलं, तेही टाकलं, पहिलं काढायचं राहिलं. तुम्ही एकाला सांगता ‘येऊ दे’, दुसरा दार लावून बसतो. एक्स्टेन्शनची पूर्ण यादी उघडा, टूलबारवर दिसणाऱ्या चिन्हांवर विसंबू नका, बरीच चिन्हं लपलेली असतात. आणि ‘अ‍ॅड’ हा शब्द नावात नसलेलीही पाहा. प्रायव्हसी बॅजर, घोस्टरी ही मंडळी ट्रॅकर अडवतात, पण आजच्या बहुतेक जाहिराती ट्रॅकरच्या पाठीवर बसूनच येतात, त्यामुळे त्याही अडतात. कूपन शोधणारी, व्हिडिओ उतरवणारी काही एक्स्टेन्शनसुद्धा हे काम परस्पर करतात. अशांना तर कायमचाच निरोप द्या असं माझं मत.

एक उलटी गोष्टही सांगून ठेवतो. अ‍ॅडब्लॉक प्लसमध्ये २०११ पासून ‘स्वीकारार्ह जाहिराती’ नावाची सोय आहे आणि ती मुळात चालूच असते. काही ठरावीक जाहिराती ते मुद्दाम सोडतं. त्यामुळे ‘माझं तर सगळीकडे चालू आहे, तरी त्या दुसऱ्या साइटवर जाहिरात दिसली’ यावरून आमच्या साइटचं निदान करू नका.

ब्राउझर स्वतःच आडवा येतो तेव्हा

“पण माझ्याकडे एकही एक्स्टेन्शन नाही!” हे वाक्य आलं की मी पहिला प्रश्न विचारतो, ब्राउझर कोणता?

ब्रेव्ह असेल, तर पत्त्याच्या पट्टीतल्या सिंहाच्या चिन्हावर क्लिक करून त्या साइटपुरती ढाल खाली करा. फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या डावीकडे ढालीचं चिन्ह असतं. सप्टेंबर २०१९ पासून त्याचं ट्रॅकिंग संरक्षण सगळ्यांना मुळातच चालू मिळतं. साध्या पातळीवर ते जाहिरातीला फारसं त्रास देत नाही, पण कोणीतरी ‘कडक’ पातळी निवडली असेल, तर देतं. ढालीवर क्लिक करून या साइटपुरतं बंद करता येतं. एजमध्येही ट्रॅकिंग प्रतिबंधाच्या तीन पातळ्या आहेत, तिथेही कडक पातळी असेल, तर सूट द्यावी लागते. आयफोनच्या सफारीत २०१५ पासून कंटेंट ब्लॉकर नावाची वेगळी जात आहे. त्या ब्लॉकरचं अ‍ॅप तुम्ही कधी टाकलं हे आठवतही नसतं. पत्त्याच्या पट्टीशेजारच्या मेनूत त्या साइटपुरते कंटेंट ब्लॉकर बंद करण्याचा पर्याय मिळतो.

फोन आणि घरचं नेटवर्क

अँड्रॉइड फोनवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालतच नाहीत. त्यामुळे फोनवर क्रोम वापरून ‘अ‍ॅडब्लॉकर चालू आहे’ अशी पाटी दिसली, तर अडवणारा बहुधा क्रोमच्या बाहेर आहे. तीन जागा पाहा.

पहिली, प्रायव्हेट डीएनएस. अँड्रॉइड ९ पासून ही सेटिंग फोनच्या नेटवर्क विभागात असते. तिथे एखाद्या जाहिरात अडवणाऱ्या सेवेचं नाव टाकलेलं असेल, तर ते पूर्ण फोनला लागू होतं. बऱ्याच लोकांच्या फोनमध्ये हे घरातल्या कोण्या तरुणाने एकदा करून दिलेलं असतं आणि मग दोघंही विसरलेले असतात. काखेत कळसा. दुसरी, व्हीपीएनच्या (फोनची वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणाऱ्या सोयीच्या) वेषातले ब्लॉकर. स्क्रीनच्या वरच्या पट्टीत किल्लीचं चिन्ह दिसतंय का बघा. काही अ‍ॅप फोनच्या आतच एक खोटं व्हीपीएन उभं करतात आणि सगळी वाहतूक त्यातून गाळतात. खऱ्या व्हीपीएन सेवांमध्येही आता जाहिरात अडवण्याचं बटण असतं. तिसरी, वायफायच्या मागचा राउटर किंवा पाय-होलसारखी, घरभरच्या जाहिराती डीएनएसवरच अडवणारी यंत्रणा.

पाय-होलवाल्यांचा एक मेल अगदी ठरलेला: “तुमच्या साइटचं नाव अलाउलिस्टमध्ये टाकलं, तरी काही होत नाही.” होणारच नाही. आमची साइट पाय-होलने कधी अडवलीच नव्हती. जाहिरात आमच्या पत्त्यावरून येत नाही, ती जाहिरात कंपनीच्या पत्त्यावरून येते आणि अडलेलं नाव ते आहे. एक्स्टेन्शनला कळतं की ही मागणी कोणत्या पानातून निघाली, म्हणून ते म्हणू शकतं ‘या पानाला सूट’. डीएनएसला पान दिसत नाही. त्याच्याकडे कोणीतरी येऊन विचारतं, ‘अमुक नावाचा पत्ता काय?’ आणि तो सांगतो किंवा नाही सांगत. तेव्हा आमची जाहिरात दिसायची असेल, तर जाहिरात कंपनीचं नाव मोकळं करावं लागेल आणि ते मोकळं झालं की घरातल्या प्रत्येक साधनावर, प्रत्येक साइटवर तिच्या जाहिराती सुरू.

इथे मी स्पष्ट सांगतो: आमच्यासाठी हे करू नका. एका साइटला मदत म्हणून सगळ्या घराचं दार उघडं टाकणं हा तोट्याचा सौदा आहे. अमेरिकेच्या एफबीआयनेसुद्धा डिसेंबर २०२२ मध्ये लोकांना, शोध घेताना जाहिरात अडवणारं एक्स्टेन्शन वापरा, असा सल्ला दिला होता, कारण फसवे लोक जाहिरात विकत घेऊन खऱ्या कंपन्यांच्या नावाची खोटी पानं वर आणत होते. जाहिरात अडवणारा माणूस फुकटा नसतो, बऱ्याचदा तो एकदा भाजलेला असतो. डीएनएस तसाच राहू द्या, जमेल तेव्हा छोटी देणगी टाका आणि पाटीवरची फुली दाबून पुढे वाचा. तेवढ्या देणगीची बरोबरी करायला तुम्हाला आमची पानं किती वर्षं चाळावी लागतील याचा हिशोब मी एकदा मांडला होता आणि स्वतःच ओशाळलो.

अँटिव्हायरसचं थोडक्यात. काही सुरक्षा पॅकेजमध्ये बॅनर अडवण्याची वेगळी सोय असते आणि ती ब्राउझरच्या यादीत कुठेच दिसत नाही. कोऱ्या प्रोफाइलनेही फरक पडला नाही आणि नेटवर्क बदलूनही पडला नाही, तर तिथे एकदा डोकावा. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर असाल, तर नाद सोडा, ते नियम तुमच्या हातात नसतात.

पान गोठतं, वर-खाली सरकत नाही

हा वेगळाच आजार आहे, पण लोक तो याच नावाने कळवतात. पान उघडतं, किंचित अंधुक दिसतं, स्क्रोल होत नाही, कुठे क्लिक होत नाही. पाटीही नाही. झालेलं असतं असं: साइट कुकीची परवानगी विचारायला एक चौकट आणते आणि तिचं उत्तर मिळेपर्यंत मागचं पान स्थिर धरते. तुमच्या ब्लॉकरमध्ये ‘त्रासदायक गोष्टी लपवा’ प्रकारची जादा यादी चालू असते, ती चौकट लपवते. पण पान धरून ठेवण्याचा हुकूम तसाच राहतो. प्रश्न विचारणारा गायब आणि उत्तराची वाट बघणारा ताटकळत उभा. त्या साइटपुरती ती कुकी-सूचनांची यादी बंद करा, चौकटीला एकदा ‘नाही’ म्हणा आणि यादी पुन्हा चालू करा. ‘नाही’ म्हटलं तरी चालतं, आम्हाला राग येत नाही.

सगळं बंद, तरी पाटी कायम

आता आमची बाजू, म्हणजे आमच्या चुका.

मघाशी आमिषाबद्दल सांगितलं. आमचा तपासणारा कोड जाहिरातीच्या फाइलची दोन सेकंद वाट पाहायचा. दोन सेकंदांत आली नाही, तर अ‍ॅडब्लॉकर आहे असं ठरवायचा. ज्यांचं नेट हळू चालतं, त्या सगळ्यांवर आम्ही कित्येक महिने अ‍ॅडब्लॉकरचा आळ घेत होतो. त्यांच्याकडे ब्लॉकर नव्हताच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. एका चिवट बाईंनी वर सांगितलेले दोन्ही प्रयोग करून, लाल ओळींचे फोटो काढून आम्हाला पाठवले. त्यात जाहिरातीची फाइल अडलेली नव्हती, उशिरा पोचलेली होती. तेव्हा कुठे आमची ट्यूब पेटली.

दुसरं प्रकरण याहून मजेशीर. जुन्या शिलाई मशीनच्या जुन्या छापील जाहिराती आमच्याकडे स्कॅन करून ठेवलेल्या आहेत, संग्रहाचा तो सर्वांत देखणा भाग. ज्या फोल्डरमध्ये त्या होत्या, त्याचं नाव कोणीतरी निरागसपणे ‘अ‍ॅड्स’ ठेवलं होतं. अ‍ॅडब्लॉकरने नाव वाचलं आणि शंभर वर्षं जुनी चित्रंसुद्धा लपवून टाकली. वाचक म्हणायचे, “संग्रहाचं पान कोरं दिसतं.” आम्ही म्हणायचो, “आमच्याकडे तर दिसतंय.” दिसणारच, आम्ही आमच्या साइटवर ब्लॉकर बंद ठेवून बसलेलो. फोल्डरचं नाव ‘छापील’ केलं आणि प्रश्न मिटला. तुम्ही स्वतः एखादी साइट सांभाळत असाल, तर फाइलच्या, फोल्डरच्या आणि चौकटींच्या नावांत अ‍ॅड, बॅनर, स्पॉन्सर हे शब्द कुठे-कुठे आलेत ते एकदा शोधा. आणि महिन्यातून एक दिवस ब्लॉकर चालू ठेवून आपलीच साइट पाहा.

तिसरी शक्यता जुन्या आठवणीची. काही साइट एकदा ब्लॉकर दिसला की ती नोंद तुमच्या ब्राउझरमध्येच लिहून ठेवतात आणि पुढचे काही दिवस नव्याने तपासतच नाहीत. तुम्ही सगळं बंद केलं, तरी ती चिठ्ठी तशीच. पत्त्याशेजारच्या चिन्हावर क्लिक करून फक्त त्या साइटचा साठवलेला डेटा पुसा. ब्राउझरचा पूर्ण इतिहास पुसू नका, बाकीच्या सगळ्या साइटवरून लॉगआउट व्हाल आणि शिव्या आम्हाला बसतील.

पैसे भरले, तरी जाहिराती

सदस्यांना आम्ही जाहिरात दाखवत नाही. तरी दिसली, तर नव्वद टक्के वेळा तुम्ही लॉगइन नसता. ब्राउझर बंद करताना कुकी पुसण्याची सेटिंग चालू असेल, तर रोज सकाळी तुम्ही आमच्यासाठी अनोळखी. फोनवर आणि कॉम्प्युटरवर वेगवेगळं लॉगइन करावं लागतं, तेही राहून जातं. लॉगइन असूनही दिसली, तर पान जोर लावून रीफ्रेश करा, म्हणजे कंट्रोल आणि एफ५ एकत्र. मधल्या सर्व्हरने पाहुण्यांसाठी साठवलेली प्रत तुम्हाला दिलेली असू शकते. वारंवार होत असेल, तर ती आमची चूक, कळवा.

मदत म्हणून जाहिरातीवर क्लिक करू नका

हे सांगताना जीभ जड होते, कारण हेतू चांगला असतो. ब्लॉकर बंद करण्यात यश आलेले काही प्रेमळ वाचक कळवतात, “आता रोज येऊन दहा वेळा क्लिक करतो!” कृपया नको. जाहिरात कंपन्या अशा क्लिकचा नमुना ओळखतात, त्याला बनावट समजतात, पैसे कापतात आणि कधीकधी साइटचं खातंच बंद करतात. बॅनर पाहिला गेला असं धरण्यासाठी त्याचा किमान अर्धा भाग सलग एक सेकंद पडद्यावर दिसावा, असा या धंद्यातला रूढ निकष आहे. म्हणजे तुम्ही नेहमीसारखं वाचत राहिलात, तरी तुमचं काम झालं. पान उगाच पन्नास वेळा रीफ्रेश करणंही त्याच कारणाने घातक.

मग आम्ही पाटीच्या जागी भिंत का उभी करत नाही, ब्लॉकर असेल तर मजकूरच बंद का करत नाही, असंही काहीजण विचारतात. २०१० मध्ये आर्स टेक्निका या तंत्रज्ञानविषयक बातम्यांच्या साइटने बारा तास तो प्रयोग केला होता, ब्लॉकर वापरणाऱ्यांना मजकूर दिसणंच बंद. काहींनी समजून घेऊन सूट दिली, काही भडकले. मोठ्या साइटला तो राग झेपतो. आमच्यासारख्या साइटवर लेख लिहिणारे, चुका सुधारणारे आणि जाहिरात अडवणारे हे बऱ्याचदा तेच लोक असतात. जाहिरातींच्या नुसत्या चर्चेने काय होतं हे विकिपीडियाने २००२ मध्येच पाहिलंय. जाहिराती येऊ शकतात एवढं कानावर आलं आणि स्पॅनिश विकिपीडियाचे बरेच स्वयंसेवक वेगळी चूल मांडून निघून गेले. आम्ही आता वेगळा मार्ग धरतोय. ट्रॅकर नाही, पानाच्या विषयाशी जुळणारी एकच जाहिरात, साधं चित्र आणि ते आमच्याच सर्व्हरवरून. रीड द डॉक्स या सॉफ्टवेअरची माहितीपत्रकं ठेवणाऱ्या साइटची एथिकलअ‍ॅड्स ही सेवा याच विचाराची आहे, वाचकाचा माग न काढता पानाचा विषय पाहून जाहिरात लावणारी. आमची ही साधी चित्रंही काही ब्लॉकर लपवतील. लपवू देत. त्यांना चुकवायला रोज नावं बदलत बसण्याचा लपंडाव आम्हाला खेळायचा नाही.

एवढं करूनही अडलं, तर

मेल करा, पण त्यात या गोष्टी असू द्या: ब्राउझरचं नाव आणि आवृत्ती, फोन की कॉम्प्युटर, एक्स्टेन्शनची पूर्ण यादी, दोन्ही प्रयोगांत काय दिसलं आणि जमल्यास नेटवर्क टॅबमधल्या लाल ओळींचा फोटो. कुठल्या पानावर झालं त्याचा पत्ताही. पासवर्ड कोणालाच पाठवू नका, आम्हालाही. आणि पाटीचा फोटो नको. ती आम्हीच लिहिलीय, पाठ आहे.